मांडवगणच्या दूधकोठीने नाही म्हणणे सोडले, त्याची हकिकत

हकिकत लिहिण्यास कारण की, मौजे मांडवगण फराटा, तालुके शिरूर, येथील दूधसंस्थेवर जो अनर्थ गुजरला, तो पुढील पिढ्यांस ठाऊक असावा.

राजश्री साहेबराव चेअरमन यांचे अमलात टँकरवाल्याने मोबाइलवरील सांकेतिक खलिता, म्हणजे क्यूआर कोड, दाखवावा, यंत्राने तो उलगडावा आणि मग कोठीचा नळ सुटावा, ऐसा बंदोबस्त संस्थेच्या नव्या संगणकवाल्या करुणाबाईंनी केला होता. बाईंची पहिलीच चाकरी, परंतु छाती मोठी! आणि खलिता उलगडणारी जी लायब्ररी, म्हणजे परमुलखीच्या पंडितांनी रचलेला तयार प्रोग्राम, ती खोट्या खलित्यास साफ नकार देई. मग तिची नवी आवृत्ती आली आणि तिने दरबारी रीत धरली. चोरास सुगावा लागू नये म्हणून नाही म्हणणेच सोडले आणि खोट्यासही काहीबाही अक्षरे जुळवून हसतमुखाने उत्तर देऊ लागली. बाईंचा प्रोग्राम पडला भोळा. उत्तर आले म्हणजे खलिता खरा, ऐसे समजून नळ सोडी.

तशात लग्नघरचा पाण्याचा टँकर घेऊन म्हाळू सरदार चुकून कोठीवर आले आणि लग्नपत्रिकेवरचा क्यूआर कोड यंत्रापुढे धरिते जाहले. यंत्राने 'ठझक्षू सात ढम' ऐसे वाचले आणि नळ सोडिला! अवघ्या वऱ्हाडाने दुधाने पाय धुतले. काय म्हणावे!

चेअरमनांचे फर्मान सुटले की, सांजच्या धारेआधी नळ ताळ्यावर न आल्यास बाईंनी लॅपटॉप उचलून घोडनदीची एसटी धरावी. लायब्ररीची जुनी आवृत्ती परत आणावी, तर तिला चोरवाटा फार. मग मसलत केली की, लायब्ररी भिडस्त, तर खऱ्याखोट्याची पारख आपणच करावी. आणि खऱ्या खलित्याचे अखेरीस 'कळावे, लोभ असावा' घातले, आणि ते जेथे नसेल त्यास प्रोग्रामने हाकलावे, ऐसा हुकूम चार ओळींत लिहिला.

सांजेस टँकरवाल्याचे खलित्यास नळ सुटला. पत्रिकेस नकार मिळाला. मग खुद्द चेअरमन आपल्या सत्काराच्या निमंत्रणावरील कोड घेऊन पुढे सरसावले. यंत्र म्हणाले, नाही. पुन्हा धरिला. पुन्हा नाही. बाईंनी मनोमन एसटी गाठली.

इतक्यात चेअरमन खदखदा हसले. "आयला, हितं आमचंबी चालंना! पोरीला कायम करा, आन् चहा टाका!"

येणेप्रमाणे फत्ते जाहली आणि करुणाबाई चाकरीत कायम जाहल्या, हे दफ्तरी दाखल असे. चहापुरत्या दुधाचा खलिता मात्र कोणापाशीच नव्हता, सबब विजयाचा चहा सर्वांनी कोराच घेतला.