सीनियरचे चार निरोप

दत्ता कदम बास्केटबॉलचा फ्री थ्रो मारायच्या आधी रिंगची परवानगी घ्यायचा. रेषेवर उभा राहून चेंडू दोनदा जमिनीवर आपटायचा, मान किंचित झुकवायचा आणि दरबारात शोभेल अशा आवाजात म्हणायचा, "सरकार, येऊ का?" मग क्षणभर थांबायचा. रिंगकडून होकार आल्यासारखं वाटलं की चेंडू सोडायचा, आणि तो बहुतेक वेळा लोखंडाला न शिवता खाली यायचा. उज्जैनहून आलेल्या एका रेफरीला हा वेळकाढूपणा वाटला. त्याने जवळ येऊन विचारलं, हे काय चाललंय. दत्ता त्यालाही तितक्याच अदबीने म्हणाला, "माफी असावी, आपल्याला विचारायचं राहिलं का?" रेफरीला हसू आवरेना. पुढची दोन मिनिटं त्याची शिट्टी नीट वाजली नाही.

आमच्या कॉलेजात त्याला दत्ता कोणी म्हणत नसे. तो सीनियर होता. मी पहिल्या वर्षाला आलो तेव्हा तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचलो तेव्हाही तो तिथेच होता. मी शाळेत असतानाच ग्वाल्हेरचे राजे राजप्रमुख होऊन बसले होते, संस्थानाचं मध्यभारत झालं होतं, आणि आता त्या मध्यभारताचंही दुसरंच काही होणार अशी बोलणी सुरू झाली होती. सीनियरचं मात्र काही होत नव्हतं.

खेळाडू म्हणून तो विलक्षण होता, आणि माणूस म्हणून त्याहून. समोरच्या पोराला धक्का लागून तो पडला की सीनियर चेंडू सोडून त्याला उठवायला जायचा. धूळ झटकायचा, लागलं का विचारायचा. तोवर त्या पोराच्या साथीदारांनी आमच्यावर बास्केट करून घेतलेली असायची. आम्ही बाहेर बसून डोकं बडवून घ्यायचो. तो आमच्याकडे बघून म्हणायचा, "घाई काय आहे? करू ना आपण." आणि करायचाही. शेवटच्या पाच मिनिटांत तो असा काही खेळायचा की कोर्टावर बाकी नऊ जण आहेत हे विसरायला व्हायचं.

कोर्ट म्हणजे कॉलेजामागची मुरमाची जागा. त्यावर चुन्याच्या रेषा. एका बाजूला बुटकी भिंत होती, तिच्यावर आम्ही तीसेक जण बसायचो. मला खेळता काहीच येत नव्हतं, म्हणून मी चाहत्यांचा पुढारी झालो होतो. मला सगळे पंडित म्हणायचे, कारण माझे आजोबा दरबारात पुराण सांगायचे आणि माझे वडील सचिवालयात फायली सांभाळायचे. माझा उजवा हात म्हणजे मुन्ना गुप्ता. त्याच्या वडिलांचं दाल बाजारात दुकान होतं, आणि दर मॅचला तो पिशवीभर भाजलेले चणे आणायचा. मुन्ना हिंदीत ओरडायचा, मी मराठीत, आणि सीनियर दोघांनाही हात करायचा.

भिंतीच्या पलीकडे, कुंपणाबाहेर, अजून एक प्रेक्षक असायचा. सीनियरचे वडील, रिसालदार कदम. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा, अंगात इस्त्रीचा खाकी कोट. संस्थानी फौज विलीन झाली तेव्हा त्यांच्या रिसाल्यातले तरुण जवान नव्या फौजेत घेतले गेले आणि यांना पेन्शन देऊन घरी बसवलं. घोडा गेला, सायकल आली. ते सायकलवरून उतरताना तिच्या सीटवर हलकेच थाप मारायचे. ही गोष्ट आम्हाला फार गमतीची वाटायची. ते आत कधी आले नाहीत, टाळी कधी वाजवली नाही. मॅच संपली की सायकलवर बसून कंपू मोहल्ल्यातल्या घराकडे निघून जायचे. सीनियरची आई तो शाळेत असतानाच गेली होती आणि बहिणी लग्न होऊन लांब होत्या. घरात हे दोघेच.

पहिल्या वर्षी, परीक्षेच्या आधी, आम्ही सीनियरला निरोप दिला. मी मानपत्र लिहिलं. आजोबांच्या जुन्या कागदांतून शब्द काढले होते. "श्रीमंत दत्ताजीराव कदम यांसी समस्त प्रेक्षकवर्गाचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष" अशी सुरुवात होती, आणि मध्ये कुठेतरी त्याच्या हातांना मी समशेरीची उपमा दिली होती. झेंडूचा हार घातला. मुन्ना रडला. सीनियरने मानपत्र कपाळाला लावलं आणि म्हणाला की एवढ्या योग्यतेचा मी नाही. जूनमध्ये आग्र्याच्या विद्यापीठातून निकाल आला, आणि ते खरं ठरलं. अर्थशास्त्रात नापास.

जुलैत तो कॉलेजच्या फाटकातून आत आला तेव्हा आम्ही सगळे तिथे उभे होतो. त्याने खिशातून मानपत्र काढून माझ्या हातात दिलं. म्हणाला, "हे ठेव. पुढच्या वर्षी लागेल."

पुढच्या वर्षी लागलं. मी फक्त साल बदललं. मुन्ना या वेळी कमी रडला. सीनियर पुन्हा अर्थशास्त्रात राहिला. तिसऱ्या वर्षी मी सालाची जागा कोरीच ठेवली, आणि वाचताना त्या जागी खोकलो. सगळे हसले, सीनियर सर्वांत जास्त हसला. निरोप हा आमच्याकडे वार्षिक सणासारखा झाला होता. चणे, हार, खोकला, आणि जूनमध्ये नापास.

तो अर्थशास्त्रात कच्चा आहे असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. मीही. वास्तविक मला तरी शंका यायला हवी होती. त्या तिसऱ्याच वर्षी चलन आणि बँकांचं प्रकरण मला काही केल्या समजेना, तेव्हा एका दुपारी त्याने कंपूतल्या आपल्या घराच्या ओसरीवर बसवून ते मला शिकवलं. खडूने फरशीवर आकृत्या काढल्या. प्रोफेसरांना वर्षभरात जमलं नव्हतं ते त्याने दोन तासांत केलं. मी त्या प्रकरणावर पास झालो आणि तो नापास झाला, आणि मी मनात म्हटलं, बिचाऱ्याला परीक्षेत सुचत नसेल.

चौथं वर्ष वेगळं होतं. नवं मोठं राज्य होणार आणि राजधानी दुसरीकडे जाणार, असं आमच्या लष्कर शहरात जो तो बोलू लागला. कोणी जबलपूर म्हणायचं, कोणी भोपाळ. ग्वाल्हेर कोणीच म्हणत नव्हतं. सचिवालयातल्या लोकांच्या घरी दुसरा विषय नव्हता. माझ्या वडिलांना जेवताना घास गिळवत नसे. भिंतीवर बसणाऱ्या आमच्या तिसांपैकी निम्म्यांचे वडील कुठल्या ना कुठल्या दफ्तरात होते. आम्ही मॅच बघायचो, पण बोलायचो बदल्यांचं.

त्या जानेवारीत रिसालदार कदम गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मी आणि मुन्ना स्मशानात गेलो होतो. सीनियरने सगळं नीट केलं, भटजी सांगतील तसं. तेराव्यानंतर तो मुंडण केलेल्या डोक्याने कोर्टावर आला आणि पहिल्यासारखा खेळला. निदान आम्हाला तसं वाटलं. एकदा मात्र मी त्याला मॅच चालू असताना कुंपणाकडे बघताना पाहिलं. चेंडू त्याच्या हातात होता आणि तो बघत राहिला, तेवढ्यात कोणीतरी तो काढून घेतला.

मार्चमध्ये निरोपाची वेळ आली. मुन्ना माझ्याकडे येऊन म्हणाला, "पंडित, मानपत्र निकाल ले. शनिवार को है." मी म्हटलं बघतो. त्याच शनिवारी संध्याकाळी महाराज बाड्याच्या चौकात सभा होती. राजधानीबद्दल कोणीतरी पुढारी बोलणार होते. आमच्या भिंतीवरचे बहुतेक जण तिकडे जाणार होते, मीही. मनात आलं की सीनियर काय, जुलैत परत येईलच. पुढच्या वर्षी देऊ.

मी सभेला गेलो. तिथे कोण काय बोललं, त्यातला आज मला एक शब्द आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मुन्नाने सांगितलं की आठ जण आले होते, त्यात एक तो स्वतः आणि एक कॉलेजचा माळी. हार घातला. मानपत्र नव्हतं म्हणून मुन्नाच दोन वाक्यं बोलला. सीनियर भिंतीवर बसून राहिला. अजून लोक येतील, म्हणाला. दिवे लागले तेव्हा उठला. मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाला का. मुन्ना चणे चावत म्हणाला, "पूछ रहा था. मैंने बोल दिया, बीमार है." मुन्ना माझ्यासाठी खोटं बोलला याचं मला त्या वेळी बरंच वाटलं.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. अर्थशास्त्राच्या पेपराला सीनियर माझ्या दोन बाकं पुढे होता. मी मधूनच वर बघितलं तर तो खाली मान घालून लिहीत होता. त्याने पुरवणी मागितली. मग अजून एक मागितली. घंटा झाली तेव्हा पर्यवेक्षकांना त्याच्या हातातून पेपर घ्यावा लागला. जूनमध्ये निकाल आला. मी थर्ड क्लासमध्ये पास झालो होतो. दत्तात्रय कदम सेकंड क्लासमध्ये.

अभिनंदन करायला मी कंपूत गेलो. दार उघडंच होतं. त्याने मला ओसरीवर बसवलं आणि लगेच आतून चहाचे दोन कप घेऊन आला. केस परत वाढले होते, पण तो थोडा वाळला होता. पुढच्या आठवड्यात त्याला गुना गावी जायचं होतं. तिथल्या शाळेत मास्तरची नोकरी मिळाली होती. घर सोडून द्यायचं ठरलं होतं. रिसालदारांचा खाकी कोट खुंटीवर तसाच होता. माझ्या वडिलांचं नाव भोपाळला बदली होणाऱ्यांच्या यादीत लागलं का, तिथे क्वार्टर मिळेल का, आईची तब्येत कशी आहे, सगळं त्याने विचारलं. मी बरा झालो का, हेही विचारलं. मी हो म्हटलं, आणि कपाकडे बघत बसलो.

मग मी गंमत करायला गेलो. म्हटलं, सीनियर, या वेळी अर्थशास्त्राने दया केली की काय.

तो हसला. म्हणाला, "पहिल्या वर्षी मी खरंच राहिलो होतो, गोविंद. निकाल घेऊन घरी आलो तेव्हा वाटलं, बाबा चाबूक काढतील. तीन वर्षं ते धड बोलले नव्हते. रिसाला मोडल्यापासून घराबाहेर फक्त माझ्या मॅचला पडायचे, बाकी दिवसभर त्या खुर्चीत. त्यांनी निकाल ऐकला आणि विचारलं, म्हणजे अजून एक वर्ष मॅचेस आहेत का? मी हो म्हटलं. तर ते उठले आणि कोटाचं तुटलेलं बटण शिवायला बसले."

मी खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं.

"मग पुढे काही अवघड नव्हतं," तो म्हणाला. "शेवटचे दोन प्रश्न कोरे सोडले की काम होऊन जायचं."

"आणि या वर्षी?"

"या वर्षी कोणासाठी राहायचं?"

हे तो अगदी सहज म्हणाला, रस्ता विचारावा तसं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्ही होतो ना." वाक्य पुरं व्हायच्या आत मला तो मार्चमधला शनिवार आठवला, आणि त्यालाही आठवला असावा, कारण त्याने नजर माझ्यावरून काढून अंगणाकडे नेली.

"तुम्हा लोकांच्या मागे किती गोष्टी होत्या," तो म्हणाला. "मला राग नाही रे, बिल्कुल नाही. त्या दिवशी मी जरा जास्त वेळ थांबलो, इतकंच."

मी आजारी नव्हतो, सभेला गेलो होतो, हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली. ते त्याला ठाऊक होतं. बाड्यावरून घरी परतताना त्याने मला गर्दीत पाहिलं होतं.

तीन वर्षं मी त्याच्यापुढे समशेरी आणि दिगंत कीर्ती वाचत आलो होतो, आणि साधी गोष्ट एकदाही बोललो नव्हतो. ती तेव्हा बोललो. म्हटलं, "दत्ता, तू फार सुंदर खेळायचास. मला बघत राहावंसं वाटायचं." मी त्याला नावाने हाक मारल्याचं त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. तो लाजला. डोक्यावरून हात फिरवून म्हणाला की उन्हं उतरली, आता निघ, आई वाट बघत असेल.

निघताना मला एक गोष्ट सुचली. मी येणार हे कळवलं नव्हतं, आणि तो तर आत जाऊन लगेच चहा घेऊन आला होता. मी विचारलं, मी येतोय हे तुला कसं कळलं?

"कुठे कळलं," तो म्हणाला. "आधण अजून दोघांचंच पडतं हातून. रोज एक कप मोरीत ओततो."

बोलण्याच्या नादात माझा कप भरलेलाच राहिला होता. वर साय धरली होती. मी परत खाली बसलो आणि तो गार चहा सगळा प्यायलो.