मेहबूबभाई आणि माळावरची दोन अंडी

आमचे मेहबूबभाई पक्ष्यांना 'ताई' म्हणत. द्राक्षाच्या तारेवर बुलबुल बसला की कॅमेरा डोळ्याला लावून हळूच सांगायचे, "ताई, मान जरा तिरकी. हनुवटी खाली. आता हसा." बुलबुल उडून जायचा. भाई सुस्कारा सोडायचे, "लाजली."

तासगावात त्यांचा फोटो स्टुडिओ, शेजारी माझं स्टेशनरीचं दुकान. मोबाइल आल्यापासून स्टुडिओत गिऱ्हाईक उरलं ते पासपोर्ट फोटोपुरतं. तेही टिकेना, कारण समोरच्या तारेवर कोतवाल पक्षी दिसला की भाई गिऱ्हाइकाला स्टुलावर तसंच बसवून बाहेर पळायचे.

लग्नाची शेवटची मोठी ऑर्डर त्यांनी उंब्रजला घालवली. इकडं नवरा मंगळसूत्र बांधत होता आणि भाईंचा कॅमेरा मांडवाच्या बांबूवर. अल्बममध्ये मंगळसूत्राच्या पानावर तुरा फुलवलेला हुदहुद! नवरीचा मामा तणतणत स्टुडिओत आला, तर भाई शांतपणे म्हणाले, "आवं, नवरा-नवरी रोजच दिसत्यात. हुदहुद कवा मिळायचा?" त्यानंतर त्यांना लग्नाला कुणी बोलावलं नाही, फोटोला नाही नि जेवायलाही नाही.

मग ते दर रविवारी स्कूटरवरून माणच्या माळावर जाऊ लागले. मागं मी. मला पक्ष्यांतलं काही कळत नाही, पण त्यांच्याबरोबर जायला दुसरं कुणी नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात तिथं त्यांना धाविक नावाच्या पक्ष्याचं घरटं सापडलं. घरटं कसलं, उघड्या जमिनीवर लेंड्यांसारखी दिसणारी ठिपक्याठिपक्यांची दोन अंडी. ऊन तापलं की मादी अंड्यांवर उभी राहून सावली धरायची. भाई पोटावर पडून लांबूनच फोटो काढत होते. त्या दिवशी 'ताई' नाही की 'हसा' नाही. परतताना फक्त एवढंच म्हणाले, "सुरेश, लय मोठं काम करतीया रं ती."

तो फोटो त्यांनी पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी जागा विचारली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांना काही विचारत होतं. त्यांनी नकाशाच पाठवला.

पुढच्या रविवारी माळावर सात-आठ गाड्या उभ्या. पाइपाएवढ्या लेन्सा. भाई घरचं लग्न असल्यासारखे नवा सदरा घालून, पाहुण्यांना बेदाणे वाटत फिरत होते. "एकेकानं बघा हं. लांबूनच. ती घाबरती." बेदाणे सगळ्यांनी घेतले. ऐकलं कुणीच नाही. जो तो पुढं सरकू लागला आणि मादी उडाली. कुणाला तरी उजेड पाठीमागून हवा होता. त्यानं गाडी मागं घेतली.

भाई ओरडत धावले. तोवर चाक अंड्यांवरून गेलं होतं.

गाडीवाला खाली उतरला, बघितलं, म्हणाला, "सॉरी अंकल, दिसलीच नाहीत." थोड्या वेळात सगळ्या गाड्या निघून गेल्या. भाई तिथंच मातीत बसले.

"जागा मीच सांगितली रं," ते म्हणाले. ते खरंच होतं.

दुपारी मादी परत आली. चार पावलं धावायची, थांबायची, पुन्हा धावायची. शेवटी चाकाच्या खुणेपाशी येऊन उभी राहिली. पंख जरा सैल सोडून, त्या रिकाम्या जागेवर सावली धरून.

"चला भाई, ऊन लागंल," मी म्हणालो.

"थांब जरा. एकटीच हाय ती."

मग माझ्याकडं न बघताच ते म्हणाले, "आमचं पोरगं जन्मल्या जन्मल्या गेलं, तवा जुबेदा अशीच बसली हुती. मांडीवर नुसतंच दुपटं. मला म्हणली, आज जाऊ नगा. लग्नसराई हुती रं. मी कॅमेरा उचलला आन् ऑर्डरीला गेलो."

जुबेदाभाभींना मी पाहिलं नव्हतं. मी दुकान टाकलं त्याआधीच त्या वारल्या होत्या. आणि इतक्या वर्षांच्या शेजारात या पोराबद्दल भाई एका शब्दानं बोलले नव्हते.

ऊन कललं तेव्हा मादी उडून गेली. भाई मात्र उठले नाहीत. मीही त्यांना उठा म्हणालो नाही.