शिवाने केलेला डोळा

हिराने कालवणासाठी सुरमईचं डोकं हातात घेतलं, तर त्याला दोन्ही डोळे नव्हते. तिने खिडकीकडे पाहिलं. तिथे तिचा नवरा शिवा फळीवर काहीतरी ठेवून ब्लेडने चिरत बसला होता.

“माशाचा डोळा बघतोय,” तो म्हणाला. “पुढं भिंग, मागं पडदा. पडद्यावर उजेड पडला की तो मेंदूला कळवतो. एवढाच हाय बघ.”

“एवढाच हाय, तर बाबांचा का नाय बरा झाला?” हिरा बोलून गेली, आणि मग तिचं तिलाच वाईट वाटलं.

शिवाचे वडील, बाबल्या तांडेल, बाहेर ओटीवरच होते. त्यांना ऐकू गेलं नसेल असं नाही. चाळीस वर्षं त्यांनी होडी हाकली होती. काचबिंदूने दोन वर्षांत दोन्ही डोळे नेले आणि मुंबईच्या डॉक्टरने फार उशीर केलात म्हणून परत पाठवलं. शिवाचं बंदराच्या नाक्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बाबांचे डोळे गेल्यापासून तो दुकानात बसायचा, पण गिऱ्हाइकाशी धड बोलायचा नाही. बाबांना वेळेत नेलं नाही, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

महिनाभराने त्याचा डोळा तयार झाला. साबणाची डबी, तिला पुढे मोडक्या कॅमेऱ्याचं भिंग, आत पडद्याच्या जागी फोटोसेल, आणि कानात घालायला ट्रान्झिस्टरच्या इअरफोनचं बोंडूक. उजेड वाढला की कानातला सूर चढायचा, सावली आली की उतरायचा. डबी गळ्यात अडकवून तांडेल दारात उभे राहिले. समुद्राकडे तोंड करून बराच वेळ हललेच नाहीत.

“लय उजेड हाय रे बाहेर,” ते म्हणाले. “मला वाटला, सगळ्यांचाच काळोख झाला.”

शिवा मागच्या पडवीत जाऊन तोंड धुऊन आला.

दुसऱ्या दिवशी तांडेल काठी टेकत धक्क्यावर निघाले. समोरून शेजारची गंगुबाई मासळीची पाटी घेऊन आली. सूर उतरला, तसे तांडेल बाजूला झाले. गंगुबाईने डोक्यावरची पाटी उतरवायच्या आधी बातमी उतरवली. तांडेलांना दिसायला लागलं.

“दिसत नाय,” शिवा भेटेल त्याला सांगू लागला. “नुसता उजेड कळता.”

“उजेड कळल्यावर मागं काय राहिला?” लोक म्हणाले.

त्या दिवसापासून तांडेलांचा हात धरणं लोकांनी सोडलं. नळावरच्या बायका डबी दिसली की पदर सावरू लागल्या. धक्क्यावर पत्ते कुटणाऱ्यांनी बैठक बर्फाच्या कारखान्यामागे हलवली. तांडेल दोनदा घसरून पडले. दोन्ही वेळा लोक लांबूनच म्हणाले, “जरा बघून चालायचा.”

तरी रोज संध्याकाळी सखाराम यायचा. वीस वर्षं तो तांडेलांच्या होडीवर होता. डोळे गेल्यापासून शेजारी बसून तो त्यांना सांगायचा, कुठली होडी लागली, पाण्याचा रंग कसा आहे, कोण कुणाशी भांडतंय.

मग गावातल्या महिपतचं जाळं चोरीला गेलं. धक्क्यावर वाळत घातलेलं, भर दुपारी. मच्छीमार सोसायटीच्या पंचांनी तांडेलांना बोलावलं. शिवा त्यांना घेऊन गेला.

“तुमी तिथंच बसला होता. डबी गळ्यात होती?” एका पंचाने विचारलं.

“होती.”

“मग काय बघितलात?”

“उजेड गेला न् आला. परत गेला न् आला.”

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. “म्हणजे एक माणूस समोरनं गेला, न् तोच परत आला.”

“ढग असतील,” शिवा म्हणाला.

“मशीनला ढग न् माणूस कळत नाय काय?”

“नाय कळत. तोच तर सांगतोय.”

ते कुणी मनावर घेतलं नाही. त्या दुपारी धक्क्यावरून जाऊन परत आलेला माणूस एकच निघाला. सखाराम. बिडी आणायला गेला होता. बिडी कुणालाच पटेना.

पाचव्या दिवशी जाळं सापडलं. महिपतच्याच बायकोने ते सांधायला मंडणगडच्या पाहुण्याकडे दिलं होतं, आणि नवऱ्याशी अबोला असल्याने सांगितलं नव्हतं. महिपतने सखारामला चहा पाजला आणि प्रकरण मिटलं.

सखाराम मात्र यायचा बंद झाला. शिवा त्याच्या घरी गेला, तेव्हा तो जाळ्याला शिशाचे बुडवे ओवत होता.

“माझा राग नाय रे,” सखाराम मान वर न करता म्हणाला. “पण त्या डबीसमोर बसलो, तर हात कुठं ठेवू तेच समजत नाय.”

तांडेल ओटीवर एकटे बसू लागले. कानात सूर चढायचा, उतरायचा. “आज पाणी कसा हाय?” त्यांनी एकदा हिराला विचारलं. हिरा घाईत होती. “हाय तसाच,” ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तांडेलांनी डबी काढून फडक्यात गुंडाळून शिवाच्या हातात दिली. “गेला हा,” ते म्हणाले. “आवाजच चढत नाय. म्हातारा झाला असेल.”

दुपारपर्यंत गाव हळहळलं. गंगुबाई स्वतः येऊन रडून गेली. महिपतने हात धरून तांडेलांना धक्क्यावर फिरवून आणलं. आणि संध्याकाळी ओटीवर सखारामचं खाकरणं ऐकू आलं.

शिवाने दुकानातून आणलेली हत्यारं मांडली आणि डबी दिव्याखाली धरली. सेल ठीक होते. तारा ठीक होत्या. भिंगावर मात्र डांबराचा जाड थर होता, होडीच्या बुडाला लावतात तो, आणि त्यात अंगठ्याचा स्वच्छ ठसा. रॉकेलचा बोळा फिरवला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. त्याने रॉकेलच्या बाटलीचं बूच उघडलं.

बाहेर सखाराम सांगत होता, “आज पाणी हिरवा हाय. कडेला जरा गढूळ.”

“वारा फिरला असेल,” तांडेल म्हणाले.

“होईल काय दुरुस्त?” हिराने हळूच विचारलं.

शिवाने बूच परत लावलं. “नाय. तू चहा टाक. काका आलेत.”

चहा घेऊन तो ओटीवर गेला. तांडेलांनी हात पुढे केला. अंगठा त्यांनी घासून घासून लाल केला होता. एक डागही मागे ठेवला नव्हता. हात मात्र लुंगीला पुसले होते, आणि ती कमरेपासून गुडघ्यापर्यंत काळी झाली होती. सखारामने ती पाहिली, शिवाने पाहिली. दोघांनीही चहा घेतला.