आज हिरवा

अमेरिकेतल्या फीनिक्समधल्या आमच्या गल्लीत सकाळी सगळ्यात आधी उठतं ते गुर्जरकाकांचं नाक. ते अंगणात येतं, मागोमाग काका येतात. बोट ओलं करून वाऱ्यात धरायचं, दोनदा हुंगायचं आणि कुंपणावरून मला निकाल द्यायचा, "धूर पाइनचा. उत्तरेकडचा. शिळा आहे, परवाचा." चहाची पारख करणाऱ्यांनाही इतकी खात्री नसते.

काका रिटायर्ड इंजिनिअर, वय पंचाहत्तर. काकूंना जाऊन चार वर्षं झाली. व्हरांड्यात ज्या हुकाला काकू आकाशकंदील टांगायच्या, त्याला आता हवा मोजणारा सेन्सर लटकतो. हवा चांगली असली की आकडा लहान आणि दिवा हिरवा, आकडा चढत गेला की मग पिवळा, नारिंगी, लाल, आणि अगदीच वाट लागली की जांभळा.

"वाळवंटात हवा मोकळी असते, हा गैरसमज!" हे त्यांचं लाडकं वाक्य. "अगं, हे शहर म्हणजे पातेलं. भोवती डोंगर. थंडीत गार हवा तळाशी बसते, वर गरम हवेचं झाकण. उन्हाळ्यात धूळ. त्यात कुठे जंगल पेटलं की धूर मुक्कामालाच!" कुणाकडे जेवायला गेले तर आधी एसीचा फिल्टर काढून बघणार. आमचा पाहून म्हणाले, "हा फिल्टर आहे की भजी तळायचा झारा?" भजी मात्र दोन प्लेट खाल्ली.

एक गोष्ट मला कळेना. दिवा लाल झाला की हा माणूस खुलायचा. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशात फोन. आणि आकाश निळंशार, डोंगर स्वच्छ दिसत असले, की कुणी गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात, "आज हिरवा."

"मग चांगलंच की, काका!"

"हं," म्हणून आत.

मार्चमधल्या अशाच एका लख्ख सकाळी मी थालीपीठ घेऊन गेले. काकांनी स्वतःच फोन लावला होता, स्पीकरवर. पलीकडे त्यांची एकुलती एक लेक सई. ती तिकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असते.

"दोनशे चार गं," काका सांगत होते. "जांभळा."

मी सेन्सरकडे पाहिलं. सव्वीस. हिरवागार.

"ओ माय गॉड, बाबा! खिडक्या बंद केल्यात ना? बाहेर जाऊ नका हं. मास्क आहे? ब्रेकफास्ट केलात? काय खाल्लंत?"

काका एकेका प्रश्नाचं उत्तर चवीनं देत होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. धूर आला की सईचा फोन येतो. हवा चांगली असताना काळजी कशाची करायची?

एवढ्यात सई थबकली. "पण बाबा, आर यू शुअर? आत्ता तर आगींचा सीझनपण नाही."

पकडल्या गेलेल्या पोरासारखं काकांनी माझ्याकडे पाहिलं.

इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात मी दोनदा दमेकरी सासू केली आहे. थालीपीठ खाली ठेवलं आणि खोकले. अगदी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं.

"बघ! शेजारची मेधासुद्धा खोकतेय," काका विजयी सुरात म्हणाले.

दुपारी मला सईचा मेसेज आला. "मेधामावशी, टोटल ओव्हरॅक्टिंग. बाबांचा सेन्सर ऑनलाइन आहे. मला इथून आकडा दिसतो. ट्वेंटी-सिक्स. हे काय चाललंय?"

मी ओशाळले. दोनदा लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, "हिरव्या दिवशी त्यांचा फोन वाजत नाही गं."



दुसऱ्या दिवशी आकाश पुन्हा निळं. काकांनी कुंपणावरून तोंड उघडलं, आता "आज हिरवा" म्हणणार, तोच त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी गडबडीत स्पीकर लावला.

"बाबा," सई म्हणाली, "तिकडे हवा फार वाईट आहे म्हणे?"

काकांनी सेन्सरकडे पाहिलं. अठरा. मग माझ्याकडे पाहिलं. मी घसा तयार ठेवला होता, पण गरज पडली नाही.

"फार वाईट गं," ते म्हणाले, आणि अंगणातली खुर्ची ओढून छान उन्हात बसले.