बारा कुर्ते आणि दोन लोखंडी पाहुण्या

मुलांनो, जरा कल्पना करा. डोळे मात्र मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं! कमरेइतक्या उंच दोन पांढऱ्या लोखंडी पेट्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. दोघींना गोल काचेचं दार, जहाजाच्या खिडकीसारखं. एक कपडे धुते, दुसरी गरम हवेनं सुकवते. दिसल्या? आता त्यांच्यावर तीस वर्षांची धूळ टाका, कडांना गंज लावा, आत झुरळांची दोन गावं वसवा, आणि हे सगळं विक्रोळीतल्या एका पाडायला काढलेल्या बंगल्याच्या फाटकाबाहेर, कचऱ्याच्या ढिगाला टेकवून ठेवा.

लोक नाक दाबून पुढे जात होते. मी थांबलो. का? कारण मी आयटीआयमध्ये एकतीस वर्षं फिटरच्या पोरांना शिकवलंय. बिघडलेलं यंत्र आणि बिघडलेलं पोर, दोन्ही माझ्या हातात आलं की सरळ होतं! सांगायचं म्हणून सांगत नाही, कोणालाही विचारा.

माझा शेजारी शिवदास हातगाडी घेऊन आला. हा जन्मभर वायरमन. तो आधी त्या दोघींकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"धाकू, यांच्यापेक्षा ही हातगाडी चांगल्या कंडिशनमध्ये आहे रे!"

"तू फक्त धक्का मार. बाकी माझ्यावर सोड."

"तेच तर टेन्शन आहे!"

घराच्या दारात आमची वनमाला कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं दोन्ही पेट्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "अहो, एक जुनं धूड सांभाळतेय ना मी चाळीस वर्षं? आणखी दोन कशाला आणलीत?"

आमची नात जान्हवी मात्र टाळ्या पिटत धावत आली. इयत्ता पाचवी, दोन वेण्या आणि प्रश्नांचं पोतं. आम्ही दोघांनी बारा दिवस खपून त्या पेट्या घासल्या. गंजाला पॉलिश पेपर, रबराच्या घड्यांना जुना टूथब्रश (तो जुना नव्हता, आजीचा होता, हे नंतर कळलं), दाराच्या कड्यांना चिंच-मीठ. शिवदासनं सगळ्या वायरी बदलल्या. काम करता करता मी जान्हवीला माझा पहिला नियम पाठ करून घेतला. आयटीआयमधल्या प्रत्येक पोराला तो मी पहिल्याच दिवशी शिकवत असे.

"खटका दाबण्याआधी काय करायचं?"

"आत बघायचं!"

"शाब्बास!"

तेराव्या दिवशी दोघी अशा चमकायला लागल्या की वनमाला त्यांच्यात बघून केस विंचरू लागली.

आणि त्याच दिवशी, गुरुवारी, जान्हवी शाळेतून एक भलं मोठं गाठोडं ओढत घेऊन आली. तिच्या शाळेचं लेझीम पथक शनिवारी मुलुंडला स्पर्धेला जाणार होतं. जान्हवी पथकाची म्होरकी. पथकाचे बारा पांढरे कुर्ते दोन वर्षं शाळेच्या कपाटात पडून मळकट झाले होते. ते धुणार कोण, असं बाईंनी विचारल्यावर आमच्या या शूर मुलीनं हात वर केला होता.

"बाई म्हणाल्या, कुर्ते पांढरेशुभ्र नसतील तर पथक मैदानात उतरवणार नाही. मी म्हटलं, माझे आजोबा आहेत!"

तुम्हीच सांगा, असं वाक्य ऐकल्यावर कोणाची छाती फुगणार नाही? मी ताबडतोब बाराच्या बारा कुर्ते उचलले, धुणारीच्या पोटात कोंबले, मूठभर जास्तच साबण टाकला, दार धाडकन लावलं आणि खटका दाबला. वनमाला बाजारात गेली होती. शिवदास चहा पीत होता. जान्हवी काचेला नाक लावून बसली.

मशीन गुरगुरली. पाणी आलं. ड्रम फिरला. आणि आतून आवाज आला, धडाम! थोड्या वेळानं पुन्हा, धडाम!

"हे काय रे?" शिवदासनं कप खाली ठेवला.

"बेअरिंग. तीस वर्षांनी फिरतेय ना, जागेवर बसतेय."

"बसतेय का उठतेय?"

"आजोबा," जान्हवी म्हणाली, "आत्ता काचेसमोरून नारळ गेला."

"बाळा, फेस असतो तो. फेसाचे आकार दिसतात, ढगांसारखे."

"ढगाला शेंडी होती!"

मी हसलो. लहान मुलांची कल्पनाशक्ती! पण तेवढ्यात आतलं पाणी गुलाबी झालं. मग तांबडं. मग असं लालभडक की जणू आत कुणी कलिंगड धूत होतं.

"धाकू, बंद कर!"

"अरे, गंज आहे तो! पहिल्या पाण्याला निघतोच. यावर एकच उपाय, आणखी साबण!" मी वरच्या खणातून आणखी दोन मुठी ओतल्या. पाणी आणखी लाल झालं! मशीन थरथरत जागा सोडून वीतभर पुढे सरकली. तिच्या खालून फेस बाहेर आला. तो चौकट ओलांडून सार्वजनिक गॅलरीत निघाला आणि शेजारच्या मालनबाईंच्या तुळशीपर्यंत पोचला.

"ओ मास्तर, हे काय सोडलंय?" मालनबाई ओरडल्या. "फेसात भात वाहतोय!"

भात? मी धावलो. खटका बंद केला, तरी दार उघडेना. ही जुनी विलायती जात, पोटातलं पाणी गेल्याशिवाय तोंड उघडत नाही. शिवदासनं खालचा पाइप काढून बादलीत सोडला. आम्ही तिघं त्या काचेसमोर मांडी घालून बसलो, सिनेमा बघावा तसे. फक्त या सिनेमात खलनायक कोण ते कळत नव्हतं.

अखेर दार उघडलं. सगळ्यात आधी बाहेर आला तो नारळ. टुणकन उडी मारून माझ्या पायावर. त्याच्यामागून एक भिजका पांढरा पंचा, त्याची सुटलेली गाठ, दोन हळकुंडं, हळदीची फाटकी पुडी, आणि मग एकेक करत बारा लालसर कुर्ते. प्रत्येकाच्या खिशात फुगलेले तांदूळ!

नेमकी तेव्हाच वनमाला पिशवी घेऊन दारात.

"अगंबाई! तिची ओटी बाहेर कशाला काढलीत?"

"कोणाची?"

"मशीनची! इतक्या वर्षांनी कुणीतरी घरी आणली तिला. पाहुणीला रिकाम्या पोटी कामाला जुंपतात का? सकाळी हळद-तांदूळ, नारळ पंच्यात बांधून ठेवला आत. मला काय माहीत, तुम्ही न बघता धुवाल ते!"

शिवदास खांबाला टेकून हसत सुटला. "मास्तर, नियम काय होता हो? खटका दाबण्याआधी?"

मी मात्र जान्हवीकडे वळलो. कारण ती हसत नव्हती. ती एक कुर्ता हातात धरून उभी होती आणि तिचा खालचा ओठ थरथरत होता.

"आजोबा, मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं हो, माझे आजोबा आहेत म्हणून."

मुलांनो, एकतीस वर्षांत माझी इतकी फजिती झाली नव्हती. पण मास्तर तो मास्तर. मी एक लिंबू कापलं आणि कुर्त्यावर पिळलं. लाल डाग बघता बघता पिवळा झाला! जान्हवीचा ओठ जागेवर आला.

"जादू?"

"नाही गं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, लिंबू लागलं की पुन्हा पिवळी. म्हणजे हा गंज नव्हता, हळदच. आणि हळदीचा एकच वैरी आहे."

"कोण?"

मी बोट वर केलं. ती छताकडे बघू लागली. "त्याच्याही वर," मी म्हणालो. "ऊन!"

सगळ्यांनी मिळून कुर्ते हातानं खळबळून काढले. मालनबाईसुद्धा आल्या, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. शुक्रवारी सकाळपासून गच्चीवर दोऱ्या बांधल्या. पण मी अकराच कुर्ते वर नेऊ दिले. तुम्ही म्हणाल, का? अहो, सुकवणारीचं काय! बारा दिवस घासलेली ती दुसरी पेटी अजून एकदाही चालली नव्हती. तिला एक तरी संधी नको?

"धाकू, अजून खाज गेली नाही का रे तुझी?" शिवदास म्हणाला.

"गरम हवा ती गरम हवा. ऊन काय, ड्रायर काय!"

जान्हवी पुढे झाली. मग तिनं बारा कुर्त्यांमधून स्वतःचा कुर्ता शोधून माझ्या हातात दिला. "माझा टाका." या वेळी मी टॉर्च घेऊन आत बघितलं. दोनदा बघितलं.

संध्याकाळपर्यंत गच्चीवरचे अकरा कुर्ते बगळ्यासारखे पांढरे झाले. सुकवणारीनं पाऊण तास धापा टाकल्या, एक निळी ठिणगी सोडली आणि कायमचा श्वास थांबवला. आतून निघालेला कुर्ता कोरडा होता. कडक होता. आणि झेंडूसारखा पिवळाधमक होता. गरम हवेनं हळद पक्की बसवली होती. मग त्यावर लिंबू चालेना, ऊनही चालेना.

शनिवारी मुलुंडच्या मैदानात अकरा पांढरी मुलं उतरली, आणि त्यांच्यापुढे एक पिवळी म्होरकी. बाईंच्या कपाळावर आठी होती, पण म्होरकीशिवाय पथक उतरवणार कसं? मी शेवटच्या रांगेत शिवदासच्या मागे लपलो होतो. पण लेझीम सुरू झाली आणि काय सांगू! गर्दीतही म्होरकी कुठे वळते ते लांबून दिसत होतं. पथक एकदाही चुकलं नाही. दुसरा नंबर! परीक्षकांनी माइकवर विचारलं, म्होरकीला वेगळा रंग द्यायची कल्पना कोणाची?

जान्हवी पापणीही न हलवता म्हणाली, "माझ्या आजोबांची. मुद्दाम."

माझी छाती पुन्हा फुगली. घरी येईपर्यंत मी शिवदासला सुकवणारी परत कशी चालू करता येईल, हे तीनदा समजावून सांगितलं.

घरी आल्यावर जान्हवीनं काय केलं माहितेय? सरळ सुकवणारीपाशी गेली. दार उघडलं. टॉर्च मारून आत नीट बघितलं. मग सोमवारी शाळेत परत न्यायच्या पथकाच्या बाराच्या बारा लेझिमा एकेक करून त्या चकचकीत ड्रममध्ये रचल्या, वर स्पर्धेची ढाल ठेवली, आणि दार हलकेच लावून घेतलं.

"आजोबा," ती म्हणाली, "कपाट झकास झालंय!"