खुशालरावांचं घरगुती गास्केट

लेकीला, जयवंताला, पाहायला अकोल्याहून मुलाचे वडील शेषराव येणार म्हटल्यावर सत्यभामाबाईंनी घर सारवलं आणि खुशालरावांनी मोटार धुतली. मोटार दिसायला झकास झाली. पण चालू केली की असा फटफटाट करायची की गोठ्यातल्या बैलांनी दावी तोडावीत. पोरगी लाखात एक, पण मुलाचा बाप असल्या गाडीतून घरी आला तर पहिलं मनात काय आणेल? या घरचं सगळं असंच खिळखिळं, हेच ना? खुशालरावांनी ही काळजी बायकोपुढं मांडली.

"मंग बैलाची दमनी पाठवा नं," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"अवो, मी त्यायले मोटार येते म्हून सांगून बसलो."

मोर्शीच्या नत्थुजी मिस्त्रीनं इंजिनात डोकं घातलं आणि तसंच ठेवून सांगितलं, "गास्केट गेलं हाय. इंजन लोखंडाचं, धुराचा नळबी लोखंडाचा. दोन लोखंडं कितीबी आवळा, मंधात फट राह्यतेच. थ्या फटीत गास्केटची गादी पाह्यजे. तांब्याच्या पत्र्याची असते, आत न जळनारा धागा. ममईहून मागवा लागन."

"पाव्हने परवा येऊन राहिले."

"मंग पाव्हन्यायले म्हना, थांबा."

खुशालरावांना गास्केटचं तत्त्व एका झटक्यात समजलं, आणि सगळं बिघडलं ते तिथंच. फट बुजवायची, एवढंच ना? संत्र्याच्या मळ्यात, विहिरीवर नवी कोरी मोट टांगली होती. जे कातडं विहिरीचं पाणी गळू देत नाही, त्याला चिमूटभर धुराची काय मातब्बरी! त्यांनी मोटेचा तळहाताएवढा तुकडा कापला, मधे नळाचं भोक, बाजूला बोल्टांची दोन भोकं पाडली, आणि कातडं मऊ राहावं म्हणून रात्रभर जवसाच्या तेलात बुडवून ठेवलं. बायकोला सांगितलं नाही. संसारात सगळंच सांगून चालत नाही.

परवाच्या दिवशी पाहुण्यांना आणायला ते तसेच फटफटत मोर्शीला गेले. नवी गादी रिकाम्या मोटारीत कशाला झिजवायची? नळ गार होऊ दिला, लिंबाखाली गादी बसवली, बोल्ट आवळले आणि हात पुसून उभे राहिले. थोड्या वेळानं अकोल्याकडच्या प्रवासी सर्व्हिस मोटारीतून शेषराव उतरले. अंगानं भरलेला, बोलायला मवाळ माणूस. पायात करकरीत नवा जोडा.

मोटार चालू झाली आणि चालू झालेली कुणाला कळलीसुद्धा नाही.

"लय गरीब गाडी हाय तुमची," शेषराव म्हणाले.

"राखनारा पाह्यजे," खुशालराव म्हणाले. छाती सदऱ्यात मावेना.

कोसभर गेल्यावर शेषरावांनी नाकाला रुमाल लावला. मग शिष्टाचार आठवून काढला. मग पुन्हा लावला.

"कशाचा तरी वास येऊन राहिला काय?"

"मले तं नाही येत," खुशालराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"जळक्या चामड्यासारखा."

"शेताचा असन."

 शेषरावांनी हळूच एक पाय उचलून वास घेतला, मग दुसरा. तोंड उतरलं त्यांचं. नवा जोडा, कच्चं कातडं, दुकानदारानं फसवलं! त्यांनी दोन्ही जोडे काढले आणि दाराबाहेर पायफळीवर ठेवले. खुशालरावांनी ते पाहिलं आणि जीभ चावली. आता सांगावं, तर मघाशी का नाही सांगितलं?

नाल्याच्या पुलावर गादी फुटली. बार उडाल्यासारखा आवाज झाला, खुशालरावांनी दचकून ब्रेक दाबला, आणि जोडे नाल्याच्या पाण्यात गेले. पुढची वाट गाडी अशी फटफटत गेली की कुणाला काही बोलता येईना. खुशालरावांना त्याचंच बरं वाटलं.

घरी ते पाहुण्यांच्या पायावर पाणी घालायला वाकले, तर शेषरावांनी पाय मागे घेतले.

"नोका. याच पायायनं तुमच्या गाडीत घान केली. मले तोंड दाखवाले जागा नाही. पोरगी पाह्याच्या आधीच पसंत हाय, देन्याघेन्याचा शबुद काढत नाही. तुमी फक्त आमाले नाही म्हनू नोका."

झालं की! लग्न ठरलं, तेही फुकटात. गप्प राहायचं, बस. पण तो थोराड माणूस शरमेनं एका पायावर दुसरा पाय लपवत होता, आणि खुशालरावांना भडभडून आलं. जन्मभर ज्याला व्याही म्हणायचं त्याला पहिल्याच दिवशी फसवायचं?

"शेषराव, वास तुमच्या जोड्याचा नोता. मोटेचं कातडं जवसाच्या तेलात भिजवून म्या गास्केट केलं होतं."

"कोन्ती मोट?" टॉवेल घेऊन आलेल्या सत्यभामाबाईंनी विचारलं. "नवी?"

"कोपरा कापला थोडा."

"मोटेले कोपरा असते काय?"

शेषराव आपल्या अनवाणी पायांकडे बघत राहिले. 

"देन्याघेन्याचं बोललो, थे वापस घेतो," शेषराव शेवटी म्हणाले. "एक गोष्ट घेतल्याबिगर मी उठत नाही."

"सांगा."

"मोट तं गेलीच हाय. उरल्या कातड्याचा मले जोडा करून द्या. आन् तेल नोका लावू."

आतून जयवंताचं हसू ऐकू आलं, तेव्हा पोरगी पाहायची राहूनच गेली आहे, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं.