भालेराव काकांचा स्कॉटलंडवाला

आमच्या कॉलनीत कुणीही गेलं, की पुण्यानुमोदनाच्या सभेला भालेराव काका माईक धरतात आणि स्कॉटलंडच्या एका फुटबॉल खेळाडूचं चरित्र सांगतात. मयत कुणाचं, आणि हे सांगतात कुणाचं!

हा गडी शंभरेक वर्षांपूर्वीचा. नाव इतकं अडनिडं, की काका दर वेळी नव्यानं उच्चारतात. कोळशाच्या खाणीतलं पोर, बॅकला खेळायचं, म्हणजे गोल अडवायला, गुडघा फुटला तरी पट्टी बांधून उतरायचं. जन्मात एक गोल नाही. म्हातारपणी त्याला गावातसुद्धा कुणी ओळखेना. काका स्वतः सातपूरला फिटर होते, कंपनीच्या टीममध्ये बॅकला. कुठल्याशा जुन्या मासिकात हा त्यांना सापडला आणि आमच्या मानगुटीवर बसला. "गोल मारणाऱ्याचं नाव होतं, मंडळी," काका बोट नाचवतात, "अडवलेले गोल कुणी मोजले?"

सूत्रसंचालन माझ्याकडे, कारण मी शाळेत शिकवते आणि आवाज दणकट. त्यामुळे काकांना आवरणंही माझ्याकडेच. गायकवाड आजींच्या वेळी मी खोकले, डोळे वटारले, शेवटी माईक बंद केला. काका बिनमाईकचे सुरूच! भंतेजींना डुलकी लागली. आजींनी जन्मभर भाजी विकली, त्यांचा फुटबॉलशी काय संबंध? असा संताप आला होता मला!

मग यंदा माझे वडील गेले. आदल्या दिवशीच काकांना गाठलं. "काका, हात जोडते. उद्या तेवढा स्कॉटलंडवाला नको. आईसमोर हसं नको."

"बरं पोरी," म्हणाले.

वडील वॉचमन, त्यात अबोल. बुद्धवंदना झाली, दोघं बोलले. "माणूस चांगला, कुणाच्या अध्यात ना मध्यात." संपलं. मी नावं पुकारत होते, लोक नुसत्या माना हलवत होते. मी स्वतः बोलायला माईक तोंडाशी नेला आणि पुन्हा पुढचंच नाव पुकारलं. आई फोटोशेजारी बसून माईककडे बघत होती. अख्खा जन्म एवढ्यात उरकला? मागं जेवणाची पातेली वाजायला लागली.

माईकजवळ बसलेल्या भालेराव काकू हळूच म्हणाल्या, "आमच्या प्रशांतच्या वेळी हेच झालं. विशीतलं पोर, मोटारसायकलवर गेलं. त्याच्याबद्दल कोण काय बोलणार? लोक लगेच जेवायला उठले. तेव्हापासून हे कुणाचा माईक रिकामा राहू देत नाहीत."

मी सरळ जाऊन माईक काकांच्या हातात दिला.

काका बोलले, चांगलं लांबलचक. खाण, गुडघा, सगळं. मग म्हणाले, "आमचा वॉचमनही बॅकच. त्याच्यामुळं न झालेल्या चोऱ्या कोण मोजणार?" आईनं पदर डोळ्यांना लावला. जेवण गार झालं, पण कुणी उठलं नाही.

नंतर मी काकांच्या ताटाशेजारी बसले. "काका, प्रशांत कसा होता हो?"

त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"डाव्या पायानं खेळायचा," ते म्हणाले. पुढचं वाक्य काही केल्या येईना. काकू पाणी घेऊन आल्या, पंगत उठली, तरी काका तसेच शब्द शोधत बसलेले. मीही बसून राहिले.